फ्लामेन्कोच्या ठेक्यावर मराठी कविता लिहायची असेल तर आधी टाळी, मग शब्द

फ्लामेन्कोचा, म्हणजे गाणं, गिटार आणि टाळ्यांवर चालणारा तो स्पेनमधला, नाच बघितला की कविता लिहावीशी वाटते, आणि मग जे लिहिलं जातं त्यात बहुतेक वेळा लाल घागरा असतो, पंखा असतो, केसातला गुलाब असतो, डोळ्यांत आग असते आणि शेवटच्या ओळीत कुणीतरी 'ओले', म्हणजे त्यांचं 'वाहवा', म्हणतं. ठेका मात्र कुठेच नसतो. ती कविता फ्लामेन्कोबद्दल असते, फ्लामेन्कोवर चालत नाही.

दुसरी चूक ज्यांचा कान तयार आहे त्यांची होते आणि ती जास्त खोल जाते. फ्लामेन्कोचे बरेच ठेके १२ मात्रांचे असतात, आणि १२ मात्रा म्हटलं की आपल्याला एकताल आठवतो, सम पहिल्या मात्रेवर, म्हणजे सगळं वजन ओळीच्या तोंडाशी टाकायचं. फ्लामेन्कोच्या १२ मध्ये वजन ओळीत मागे मागे सरकत जातं आणि १० वर येऊन बसतं, नंतर श्वास. पहिल्या मात्रेवर जोर देऊन लिहिलेली कविता कितीही सुंदर असली तरी टाळीबरोबर ठेवली की उलटी चालते. माझ्या पहिल्या आठ-दहा कविता अशाच उलट्या होत्या, आणि ते कळलं तेव्हा त्या दुरुस्त होईनात, पुन्हा लिहायला लागल्या. म्हणून खालचा क्रम मोडू नका. शब्द चौथ्या टप्प्यावर येतात, त्याआधी नाही.

टप्पा १: एकच पालो निवडा

फ्लामेन्कोत प्रत्येक प्रकाराला पालो म्हणतात आणि प्रत्येकाचं ठेक्याचं चक्र, म्हणजे कोंपास, ठरलेलं असतं. 'फ्लामेन्कोची लय' अशी एकच लय नाही. त्यामुळे आधी पालो ठरवा.

सोलेआ: १२ चं चक्र, संथ, वजन ३, ६, ८, १०, १२ वर. एकटेपण, वाट बघणं, बंद घर, असं काही मनात असेल तर हाच.

सेगिरिया: तेच चक्र पण दुसऱ्या ठिकाणाहून सुरू होणारं. सोलेआच्या ८ पासून मोजायला लागलात की सेगिरिया मिळते, गट पडतात २, २, ३, ३, २. मृत्यू, तुरुंग, न भरणारं दुःख. अतिशय जड.

आलेग्रियास: स्पेनमधल्या कादिस शहराची, वजनं सोलेआचीच पण चाल हलकी आणि सूर उजळ.

तांगोस: ४ ची. टाळी बऱ्याचदा पहिल्या बीटवर पडतच नाही, २, ३, ४ वर पडते.

बुलेरियास: १२ ची, प्रचंड वेगात, मोजणी १२ पासूनच सुरू.

पहिल्या कवितेसाठी सोलेआ घ्या. बुलेरियास मोहात पाडते कारण ऐकायला मजा येते, पण त्या वेगात तुम्हाला ओळ कुठे चुकली हेच ऐकू येणार नाही. मी या लेखात सोलेआच धरून चालतेय, सेगिरिया आणि तांगोसचं थोडं शेवटी सांगते.

सावध: विषय आधी आणि पालो नंतर असं करू नका. लेकीच्या बारशाची कविता सेगिरियात बसवायला गेलात तर ठेका तुम्हाला ओढून स्मशानात नेईल.

टप्पा २: हाताने मोजा, आठवडाभर

यात शॉर्टकट नाही. मोबाइलवर मेट्रोनोम ॲप, म्हणजे ठरावीक वेगाने टिकटिक करणारं, मिनिटाला ६० ठोक्यांवर लावा आणि टाळी द्या. फ्लामेन्कोत टाळ्यांना पाल्मास म्हणतात आणि त्या दोन तऱ्हेच्या असतात: दोन्ही तळवे पोकळ ठेवून दिलेली दबकी टाळी, आणि बोटं तळव्यावर आपटून दिलेली कडक टाळी. सगळ्या १२ वर दबकी द्या, फक्त ३, ६, ८, १०, १२ वर कडक.

तोंडाने मोजताना मराठीत एक अडचण येते जी कुणी सांगत नाही. एक, दोन, तीन, चार, पाच हे एकेका झटक्यात बोलून होतात, पण सहा, नऊ, दहा, अकरा, बारा यांना दोन झटके लागतात, म्हणजे नेमक्या वजनाच्या ठिकाणी जीभ मागे पडते. म्हणून असं मोजा:

एक दोन तीन, चार पाच सा, सात आठ नौ दा, एक दोन.

शेवटचे अकरा-बारा 'एक दोन' म्हणायचे. हे मी बनवलेलं नाही, स्पॅनिशमध्ये मोजतानासुद्धा 'दिएस' नंतर 'उन, दोस' म्हणतात, कारण त्यांचेही अकरा-बारा लांब आहेत.

हे चालता चालता करा, भाजी चिरताना करा, लोकलमध्ये मांडीवर बोटाने करा. आणि रोज दहा मिनिटं एखाद्या सोलेआच्या नाचाचा व्हिडिओ लावून डोळे मिटून फक्त पाय ऐका. पायातही वेगवेगळे आवाज आहेत: पूर्ण पाऊल आपटलं की गोल्पे, चवड्याचा आवाज प्लांता, टाचेचा ताकोन. हे तीन कानाला वेगळे ऐकू यायला लागले की पुढचा टप्पा सोपा होतो.

तपासा: मेट्रोनोम चालू असताना कुणाशी तरी साधं बोला, 'चहा ठेवलाय का' इतकंच, आणि टाळी चुकू देऊ नका. जमलं तर पुढे. नाही जमलं तर अजून दोन दिवस थांबा, काही बिघडत नाही.

टप्पा ३: रिकामी चौकट भरा

आता कागदावर १ ते १२ आकडे लिहा आणि खाली अर्थ नसलेले बोल भरा. हलक्या जागी 'न', वजनाच्या जागी 'ता':

न न ता · न न ता · न ता · न ता · (गप्प) · (टाळी)

११ वर काही नाही. १२ वर वजन आहे पण ते शब्दाने भरायचं नाही, टाळीने भरायचं. म्हणजे ओळीत शब्दांसाठी १० जागाच आहेत. नाचणारी बाई १० वर पाय रोवते आणि थांबते, त्या थांबण्यातच बघणारे 'एसो एस', 'ओले' अशी दाद देतात, त्याला हालेओ म्हणतात. तुमच्या कवितेतल्या ११-१२ ऐकणाऱ्याच्या आहेत. त्या तुम्ही शब्दांनी भरल्या तर त्याला जागाच उरत नाही.

ही चौकट पन्नास वेळा मोठ्याने म्हणा. कंटाळा येईल. त्या कंटाळ्यानंतरच ती अंगात बसते, असं मला दर वेळी दिसलंय.

सावध: कथक शिकलेल्यांना इथे तिहाई घ्यायची फार सवय असते, तीनदा म्हणून समेवर यायचं. इथे सम नाही. १० वर एकदाच बंद करायचं.

टप्पा ४: आता शब्द, पण कानाने मोजून

इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात, म्हणून जरा सावकाश.

पहिली गोष्ट, अक्षरं मोजू नका, उच्चार मोजा. आपण लिहितो 'घर', अक्षरं दोन, पण बोलतो एका झटक्यात. 'कुलूप' ची अक्षरं तीन, झटके दोन. अभंग-ओवीत अक्षर मोजतात आणि तिथे ते बरोबर आहे, कारण म्हणताना प्रत्येक अक्षर सुटं उमटतं. इथे आपण बोलण्याच्या लयीत आहोत. सोपा उपाय म्हणजे हनुवटीखाली हाताची पाठ ठेवा आणि ओळ बोला, जबडा जितक्या वेळा खाली येईल तितके झटके.

ही माझी एक ओळ बघा:

घराला कुलूप आणि आत दिवा

कागदावर अक्षरं मोजलीत तर बरोबर १२ भरतात आणि वाटतं चक्र भरलं. बोलून बघा:

घ · रा · ला · कु · लूप · आ · णि · आत · दि · वा

झटके १०. वजनं ३, ६, ८, १० वर, चारही ठिकाणी दीर्घ. मग गप्प, मग टाळी. कागदाच्या हिशोबाने गेलो असतो तर ११-१२ भरल्यात असं समजून पुढची ओळ लगेच चिकटवली असती.

दुसरी गोष्ट, वजन आणायचं कसं. स्पॅनिशमध्ये शब्दातल्या एका ठरलेल्या ठिकाणी ठळक जोर असतो, मराठीत तसा नाही, त्यामुळे जोर नुसता बोलण्यात आणून चालत नाही, शब्द निवडून आणावा लागतो. माझे नियम असे:

३ वर दीर्घ झटका असला की पुरे.
६ आणि ८ वर दीर्घ किंवा बंद (व्यंजनावर संपणारा) झटका हवा, आणि शक्यतो तिथे शब्द सुरू व्हायला हवा. कारण मराठीत आपण शब्दाच्या सुरुवातीला आपोआप जरा दाबून बोलतो.
१० वर शब्द संपला पाहिजे. अर्धा शब्द पुढे लोंबकळत असेल तर पाय रोवला जात नाही.

दुसरी ओळ मी आधी अशी लिहिली होती: 'कुणी लावला तो, विचारू नको'. झटके १०, वाचायला छान. पण ६ वर आला 'विचारू' मधला 'वि', ऱ्हस्व, फुसका. टाळी कडक आणि शब्द मऊ. बदलून:

कुणी लावला ते सांगत नाही भिंत

कु · णी · लाव · ला · ते · सां · गत · ना · ही · भिंत

६ वर 'सां', ८ वर 'ना', दोन्ही शब्दांच्या सुरुवाती, आणि १० वर 'भिंत', जी बोलतानाच बंद होते. बदल ठेक्यासाठी केला होता पण अर्थसुद्धा सुधारला, आधी कुणीतरी आज्ञा करत होतं, आता भिंत गप्प बसलीय.

तिसरी ओळ: 'अजून दारात चावीविना खिळा'. मला ही फार आवडली होती. झटके बरोबर, दीर्घ बरोबर, तरी टाळीबरोबर म्हटली की मध्येच पाय घसरल्यासारखं व्हायचं. कारण ६ वर 'चावी' चा 'वी' आणि ८ वर 'विना' चा 'ना', दोन्ही शब्दांच्या पोटात. चावी सोडायला मन होत नव्हतं, पण सोडली:

अजून दाराशी गंजतो का खिळा

अ · जून · दा · रा · शी · गंज · तो · का · खि · ळा

आता तिन्ही एकत्र:

घराला कुलूप आणि आत दिवा
कुणी लावला ते सांगत नाही भिंत
अजून दाराशी गंजतो का खिळा

तीन ओळी का, तर सोलेआत गायला जाणारा बंध, म्हणजे लेत्रा, बहुतेक वेळा तीन किंवा चार ओळींचा असतो. तीन ओळींच्या लेत्रात पहिली आणि तिसरी जुळते, मधली मोकळी. जुळवणी स्वरांची असते, व्यंजनांची नाही. दिवा आणि खिळा, दोन्हीत इ-आ. आपल्याला पक्क्या यमकाची सवय आहे, दिवा-शिवा, खिळा-निळा, तसं करू नका, फार गोड लागतं आणि सोलेआ गोड नाही.

सावध: स्पॅनिश लेत्राची ओळ ८ झटक्यांची असते आणि गाणारा ती ओढून, स्वर फिरवून चक्रात पसरवतो. ते वाचून मराठीत ८-८ अक्षरं मांडायला गेलात तर कान थेट लहान अभंगाकडे जातो आणि नकळत तुम्ही ती चाल म्हणायला लागता. आपण गळ्याच्या मागे जात नाही आहोत, पायाच्या मागे जातोय, म्हणून एका टाळीला एक झटका.

टप्पा ५: रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका

मेट्रोनोम लावून, टाळी देत, मोबाइलवर रेकॉर्ड करा. त्याच दिवशी ऐकू नका, कारण त्या दिवशी तुम्हाला जे म्हणायचं होतं तेच ऐकू येतं. ऐकताना कागदावर फक्त जिथे टाळी आणि शब्द एकमेकांना सोडतात तिथे खूण करा.

बहुतेक खुणा तीनच प्रकारच्या निघतात: 'आणि', 'तर', 'म्हणून', 'ही' असे शब्द वजनाच्या जागी आलेत ('आणि' माझ्या ओळीत चालून गेला कारण तिथे 'आत' च्या आधी थोडं थबकायचंच होतं, नेहमी चालेल असं नाही), किंवा जोडाक्षरांची गर्दी झाल्यामुळे जीभ मागे राहिली, किंवा १० च्या पुढे शब्द वाहून गेला. तिसऱ्याला माफी नाही. ओळ कापा.

टप्पा ६: नाचाच्या क्रमाने कविता रचा

एक कडवं जमलं म्हणून तसलीच आठ कडवी रचली तर कविता एका जागी उभी राहते. सोलेआच्या नाचाला स्वतःचा क्रम असतो, तो उसना घ्या.

आधी गाणाऱ्याचा नुसता आवाज, गळा लावणं, 'आय' असा लांब. कवितेत ही एक मोकळी ओळ, ठेक्यात न बांधलेली. एकच.

मग यामादा, म्हणजे हाक. नाचणारी पायांनी गिटारवाल्याला आणि गाणाऱ्याला सांगते की आता बदल होतोय. कवितेत अशी ओळ ठेवा जी नेहमीपेक्षा थेट आहे, कुणाला तरी बोलावते. माझ्याकडे होती: 'अहो कोण आत, दार लोटा ना कुणी'. मोजून बघा, ३ वर 'कोण', ६ वर 'लो', ८ वर 'ना', १० वर 'णी'. दर वळणावर हीच ओळ एखादा शब्द बदलून परत आणता येते.

मग लेत्रा, वरच्यासारखी तीन ओळी. गाणं चालू असताना नाचणारी पायाचा गोंगाट करत नाही, हातांनी आणि कमरेने ठेका धरून ठेवते, त्याला मार्काहे म्हणतात. म्हणून या ओळींत कठोर व्यंजनं कमी, ल, न, म, र जास्त. ओळ संपताना मात्र पाय येतो, रेमाते, तिथे एक टणक शब्द.

दुसरी लेत्रा. मग एस्कोबिया, फक्त पायांचा भाग. आणि शेवटी वेग वाढवून बऱ्याचदा बुलेरियास मध्ये शिरून नाच संपतो. पहिल्या कवितेत ते शेवटचं सोडून द्या.

तपासा: दोन लेत्रांमध्ये एकच चित्र पुढे सरकतंय का? दिवा, भिंत, खिळा यानंतर अचानक समुद्र आणि घोडे आले तर वाचणाऱ्याला हाक ऐकू येत नाही.

टप्पा ७: एस्कोबिया, आणि वेगाबद्दलचा मोठा गैरसमज

वेग दाखवायचा म्हणून लोक ओळी छोट्या करतात. एक शब्द, खाली एक शब्द, खाली एक शब्द. परिणाम बरोबर उलटा होतो, कारण ओळ तुटली की वाचणारा थांबतो, दहा ओळी म्हणजे दहा थांबे.

एस्कोबियात मूळ टाळी तशीच राहते, एका टाळीत पायाचे आवाज दुप्पट होतात. कवितेतही तेच: ओळ लांब, विरामचिन्ह नाही, एका टाळीला दोन झटके, शब्द छोटे, ट, ड, क, प, थ भरपूर.

कडी हली टाच पुन्हा टाच पडे धूळ उडाली भिंत थरथरे थांब

टाळी देऊन म्हणा: कडी, हली, टाच पु, न्हा टाच, पडे, धूळ उ, डाली, भिंत थर, थरे, थांब. नऊ टाळ्यांत अठरा झटके आणि दहाव्या टाळीवर एकच शब्द. एकोणिसावा झटका आणि मग काही नाही. तो 'थांब' मेट्रोनोमवर नीट पडला की खोलीत बसलेला माणूस खरंच थांबतो, मी पाहिलंय.

सुरुवातीला अशा दोन ओळी पुरेत, त्याही हळू टाळीवर. वेग नंतर वाढवा.

टप्पा ८: ठेका मोडायचा असेल तर

दोन टाळ्यांच्या मध्ये वजन टाकणं, कोंत्रातिएम्पो, ऐकायला जादूसारखं वाटतं आणि म्हणून सगळ्यांना ते पहिल्या कडव्यातच हवं असतं. वाचणाऱ्याच्या कानात ठेका बसलाच नसेल तर मोडलेलं त्याला कळणार कसं, त्याला ती फक्त चूक वाटते. निदान सहा ओळी सरळ गेल्यावर एकदाच मोडा आणि लगेच पुढच्या १० वर घट्ट बंद करा.

टप्पा ९: कागदावर मांडणी

एक ओळ म्हणजे एक चक्र. ११-१२ ची शांतता दाखवायला तीन-तीन टिंबं देऊ नका, टिंबं म्हणजे ओळ अजून लोंबतेय असं वाचलं जातं. ओळ सरळ संपवा. लेत्रा संपली की एक रिकामी ओळ, यामादाच्या आधी दोन. गिटार, पंखा, दुएंदे (कलाकाराचं ते झपाटलेपण), ओले हे शब्द पहिल्या मसुद्यात आले असतील तर आता काढा, ठेका जागेवर असेल तर त्यांची गरज पडत नाही.

सेगिरिया आणि तांगोससाठी

सेगिरियात गटाने विचार करा, प्रत्येक गटाचा पहिला झटका जड:

माती · द्यावी · बापाच्या · पायाशी · आधी

माती (२), द्यावी (२), बापाच्या (३), पायाशी (३), आधी (२). इथे शब्दच गट पाडतात, म्हणून दोन आणि तीन झटक्यांचे शब्द आधी वेगळे लिहून ठेवा. तिसरा आणि चौथा गट लांबतो तिथे श्वास अडकल्यासारखा होतो, नेमका तिथे ओळीतला सर्वात दुखरा शब्द यावा.

तांगोसमध्ये पहिली बीट गिळा: (गप्प) ऊठ गं चल, (गप्प) दार ते लोट. पहिल्या शब्दाआधीची ती गप्प जागा म्हणताना घाईत सुटतेच, म्हणून तिथे पायाने जमिनीवर हलकं ठोका.

शेवटची परीक्षा

ज्याला फ्लामेन्को अजिबात माहीत नाही असा एक माणूस समोर बसवा. त्याला काही सांगू नका, फक्त तुमच्याबरोबर टाळी द्यायला सांगा, सगळ्या सारख्याच. पहिल्या लेत्रापर्यंत तो चाचपडेल. दुसऱ्या लेत्रात त्याच्या टाळ्या आपोआप कुठे कडक होतात ते बघा. ३, ६, ८, १० वर होत असतील तर कविता उभी आहे. १ वर होत असतील तर तिसऱ्या टप्प्यावर परत जा, आणि कागद नवा घ्या.